गोळी थांबते कुठे?

ॲरिझोनातल्या टुसॉन शहराच्या वायव्येला आयर्नवुड फॉरेस्ट नावाची सरकारी जमीन आहे. तिथे शिकारीला मुभा आहे, पण हौशी नेमबाजीला 2013 च्या आराखड्यात बंदी आली. नेमबाज मंडळी पर्यावरणवाद्यांकडे बोट दाखवतात. मी साग्वारो निवडुंगाकडे दाखवतो. त्याला पहिली फांदी फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं जातात. सुट्टीची दुपार घालवायला आलेल्यांनी त्याच्यावर गोळ्यांची भोकं पाडली, म्हणून तिथली दारं बंद झाली.

शिकाऱ्याचा संताप मला पटतो. पहाटेपासून हरणाचा माग काढत तो वाऱ्याची दिशा सांभाळत चालतो, आणि पलीकडच्या घळीत कुणी भंगार फ्रिजवर काडतुसांचं खोकं रिकामं करतो. दिवस गेला. मागे उरतात काचा, फुटका टीव्ही आणि पुंगळ्यांचा सडा.

पण ‘ही जमीन आमच्या पैशावर राखली’ हे शिकाऱ्यांचं पालुपद मी ऐकून घेणार नाही. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवर आधीपासून असलेला कर, जो आज 11 टक्के आहे, वन्यजीवांसाठी राखून ठेवला. शिकारी अख्ख्या हंगामात झाडतो त्याहून जास्त काडतुसं नेमबाज एका दुपारी संपवतो, आणि प्रत्येक काडतुसावर कर भरतो. त्याचा हक्क खरा आहे.

मात्र जमिनीवर हक्क आहे म्हणून दिसेल त्या उतारावर गोळी झाडायची नसते. जून 2012 मध्ये यूटातल्या सॅराटोगा स्प्रिंग्जजवळ नेमबाजीच्या ठिणगीने वाळलं गवत पेटलं आणि हजारो लोकांना घरं सोडून पळावं लागलं. राष्ट्रीय वनांचा नियम सांगतो, घरापासून, तंबूंच्या जागेपासून 150 यार्डांच्या आत गोळी झाडू नका. अहो, साधी पॉइंट टू-टूची गोळीसुद्धा मैलभर जाते! मागे मातीचा बांध नसेल तर 150 यार्डांनी कुणाचा जीव वाचणार?

म्हणून शहरालगतच्या सरकारी जमिनीवर बांध घातलेल्या चांदमाऱ्या हव्यात, आणि त्यांच्या आसपासची मोकळी नेमबाजी बंद हवी. पैशाची सबब चालणार नाही. काडतुसांवरच्या त्याच करातून चांदमारी उभारताना राज्याने घालायचा वाटा 2019 च्या कायद्याने 25 टक्क्यांवरून 10 वर आणलाय. ठरावीक जागा म्हणजे हक्कावर घाला, असं ओरडणाऱ्यांनी आयर्नवुडला जाऊन यावं. जागा ठरवून घेतली नाही की अख्खं रानच हातचं जातं.

आणि शिकाऱ्यांनो, हंगामाच्या तोंडावर रायफलीची दुर्बीण जुळवायला रानात पुठ्ठे टांगून बार काढणारे तुमच्यातही आहेत. त्यांनीही चांदमारीवरच यावं, आणि निघताना आपल्या पुंगळ्या वेचून न्याव्यात.