दाते

आडनाव वेगळंच आहे, पण आमच्या पुण्याच्या सायकल ग्रुपात त्याला सगळे दातेच म्हणतात. कोणाची नवी सायकल दिसली की हा रंग बघत नाही, किंमत विचारत नाही. बैलबाजारातल्या दलालासारखा थेट मागच्या चाकाशी उकिडवा बसतो आणि दात मोजतो. "मागे २८च? मग सिंहगड ढकलतच चढायचाय का?"

त्याच्या स्वतःच्या सायकलवरची कंपनीची २८ दाती कॅसेट महिनाभरही टिकली नाही. तिथे ३४ आली. पुढे ३४, मागे ३४, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला चाकाचा एकच फेरा आणि सायकल पुढे सरकते जेमतेम २.१ मीटर. हे गणित तो ऐन चढावर, आपला श्वास घशात अडकलेला असताना सांगतो. साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या डिरेलरला एवढी मोठी चकती झेपत नव्हती. बी-स्क्रू शेवटपर्यंत पिळला, तरी वरची पुली घासतच होती. मग हँगरखाली जोडपट्टी लावून डिरेलरच खाली उतरवला. आता गिअर टाकला की आधी किर्रर्र, मग खटॅक, मग दातेची शिवी.

हलका गिअर म्हणजे लबाडी, असं कोणी म्हणालं की त्याचं उत्तर तयार असतं : "टूर द फ्रान्समध्ये १९३७पर्यंत डिरेलर चालत नव्हता. त्यांच्या गुडघ्यांना विचारा!"

सध्या मागे ४० आहेत. मिनिटाला साठ फेरे मारले तरी ताशी साडेसहा किलोमीटर होत नाहीत. सिंहगडाच्या वाटेवर गोळेवाडीच्या पुढे भराभर चालणारे एक आजोबा त्याला गाठून "पंक्चर का हो?" असं विचारून पुढे निघून गेले.

माझ्या सायकलवरही त्याने हात चालवला. दात वाढवले, साखळी वाढवायची राहिली. पुढे-मागे दोन्हीकडे साखळी मोठ्या चकतीवर पडली, ती ताठ झाली आणि हँगर वाकून डिरेलर थेट आऱ्यांत. दातेने शांतपणे खिशातून चेन कटर काढला, डिरेलर सोडवला, साखळी तोडून आखूड केली आणि एका गिअरवर मला घरी पोचवलं. वाटभर मात्र मी कुठला गिअर टाकायला नको होता, हेच ऐकवत होता.

ग्रुपात त्याला सगळे हसतात. पण चाळिशी उलटलेला एकेक जण रात्री त्याला गुपचूप मेसेज टाकतो, "अरे, माझ्या सायकलला ३४ बसेल का?" दाते पुढच्याच रविवारी पाने घेऊन घरी हजर. कोणाकोणाला बसवून दिली, हे मात्र त्याच्या तोंडून कधी निघालेलं नाही. एरवी अखंड बडबडणाऱ्या या माणसाच्या पोटात अख्ख्या ग्रुपचे गुडघे सुखरूप आहेत.