मार्करसाठी कागद कसा निवडावा : काटकसरीची सुधारित पद्धत

अल्कोहोल मार्करचा ऐंशी रंगांचा संच घरी आला की त्याच संध्याकाळी प्रश्न उभा राहतो : काढायचं कशावर? संचावर घसघशीत खर्च झालेला असतो, तेव्हा बचत कागदावरच व्हायला हवी, हे ओघानेच आलं. अशा कलावंतांसाठी पुढील नियम.

१. आरंभ झेरॉक्सच्या कागदापासून करावा. ७५ जीएसएमचं रिम घरात असतंच. कुणी हरकत घेतल्यास इतिहास सांगावा : जपानचे कॉपिक मार्कर १९८७ साली आले, ते झेरॉक्सची काळी रेष न विरघळवणारी शाई घेऊन. हे खरंच आहे; पण ती हमी रेषेची, कागदाची नव्हे, हे सांगू नये. या शाईत रंग अल्कोहोलात विरघळलेला असतो आणि अल्कोहोल कागदाच्या तंतूंतून वाट काढत पसरतं. त्यामुळे शाई फुटते, ओठांचा लाल हनुवटीवर येतो आणि तिथून खालच्या पानावर व टेबलक्लॉथवर उतरतो. एका मेहनतीत तीन प्रती. टेबलक्लॉथवरच्या प्रतीवर सही करू नये. घरात चित्रकाराचा शोध सुरूच असतो.

२. त्यानंतर जाडीवर श्रद्धा ठेवावी. दुकानात ‘जाडातला जाड द्या’ एवढंच म्हणावं. ३०० जीएसएमचा खरखरीत वॉटरकलर पेपर मिळेल. जीएसएम म्हणजे चौरस मीटरभर कागदाचं ग्रॅममधलं वजन. कागद शाई किती पितो, ते त्यात लिहिलेलं नसतं. हा टीपकागदासारखा पितो. एका आकाशात निळा मार्कर कोरडा पडतो आणि खरखरीवर घासून ब्रशटोकाची दशा दशा होते. कागद मात्र ढिम्म वाकत नाही, हे समाधान मानावं.

३. परंपरेचा अभिमान असल्यास हातकागद घ्यावा. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहेच. कागद देखणा असतो. त्याच्या मोकळ्या तंतूंमध्ये शाई कुठल्या दिशेला जाईल, हे शाईलाही ठाऊक नसतं. चित्राला ‘अमूर्त’ म्हणावं.

४. फुटणाऱ्या शाईवर उतारा म्हणून चकचकीत कागद शोधावा. जुन्या कॅलेंडरची मागची बाजू उत्तम. लेपामुळे शाई आत शिरतच नाही, वरच्यावर राहते, आणि दुसरा रंग लावताच पहिला निघून येतो. शर्टाच्या बाहीवर तो अधिक टिकतो.

५. एव्हाना दुकानदार कंटाळून मार्कर पॅड पुढे करेल. कागद ७० जीएसएमच्या आसपासचा, खालची रेष दिसेल इतका पातळ, शाई पलीकडे जाऊ नये म्हणून खास केलेला. रंग त्यावर उजळ दिसतात. थर मात्र फार चढत नाहीत. ‘एवढासा पातळ आणि एवढे पैसे?’ असं विचारून परत करावा. मग तो २५० जीएसएमचा गुळगुळीत ब्रिस्टल दाखवेल. यात शाई जराशी मुरते, थर पेलतात, फिकट आणि गडद छटा एकमेकींत मिसळायला अवकाश मिळतो. पाठीवर रंग दिसतो, पण खाली एक रद्दी कागद ठेवला की भागतं. हे सारं मान डोलावत ऐकावं आणि पुन्हा नियम १ कडे वळावं.

६. चाचणी घेऊ नये. एक सुटा ताव घ्यायचा, वॉटरप्रूफ फाइनलायनरने वर्तुळ काढायचं, रेषेच्या अलीकडे थांबत रंग भरायचा. रंग रेष ओलांडतो का, रेष फिसकटते का, दोन छटा मिसळतात का आणि पाठीवर काय उमटतं, ते पाहायचं, एवढीच ती चाचणी. पाच मिनिटांत कागदाचा स्वभाव कळतो, आणि मग मार्करला दोष देण्याची सोय राहत नाही.

७. भेट म्हणून चांगला पॅड आलाच, तर तो ‘चांगल्या चित्रासाठी’ कपाटात ठेवावा आणि सराव झेरॉक्सवर चालू ठेवावा. हात एका कागदाला सरावेल, परीक्षा दुसऱ्यावर होईल. शिवाय मार्करच्या शाईतले रंग उजेडात विटतात. न काढलेल्या चित्राला ती भीती नाही.

इतकं करूनही चित्र बिघडलं, तर निदान स्पष्ट आहे : संचात रंग कमी पडतात. एकशेवीसचा मागवावा.