पाच घरची पर्सनल शेफ

मे महिन्यात अचलपुरात दुपारी दोनच गोष्टी जमतात. कूलरसमोर झोपणं, नाहीतर कूलरसमोर कादंबरी वाचणं. परवा मी दुसरी गोष्ट केली, अधूनमधून पहिलीही.

कादंबरीची नायिका परदेशातली पर्सनल शेफ. नायक श्रीमंत, एकटा आणि जरा तुसडा. ती रोज त्याच्यासाठी रांधते आणि पानागणिक तो विरघळत जातो. गोष्ट आमच्या शकुंतला रेल्वेच्या चालीची. मूर्तिजापूरपर्यंतच्या ७६ किलोमीटरला ती चारेक तास घ्यायची. शेवटचं स्टेशन सगळ्यांना ठाऊक, तरी खिडकी सोडवत नसे.

तेवढ्यात स्वयंपाकाच्या मावशी आल्या.

"काय वाचून रायल्या, ताई?"

मी गोष्ट सांगितली.

"एकाच माणसाचा सैपाक? दिवसभर?" मावशींना नायिकेचा हेवा वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांना तिची कीव आली. "मी तं पाच घरी पर्सनल करतो!"

खोटं नव्हतं. कुणाच्या वरणाला लसूण चालत नाही, कुणा आजोबांना भाकरीच्या कडा मऊच लागतात, कुणाच्या सुनेला सासूच्या नकळत ठेचा हवा असतो, हे सगळं त्यांना पाठ. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० पासून मराठी घरांना वाटी-चमच्याची मापं शिकवते आहे. मावशींचं माप मनगटात. आणि डबा भरलेलाच परत आला, की रात्री त्या घरात काय वाजलं असेल तेही त्यांना कळतं. पण एका घरची बातमी दुसऱ्या घरच्या कढईत कधी पडत नाही. 'पर्सनल' म्हणजे आणखी काय असतं?

आमच्याकडचे पुरुषही स्वयंपाक करतात बरं. एखाद्या पंगतीला गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजतात, वांग्याची भाजी ढवळतात आणि त्या कौतुकावर पुढचं वर्ष आरामात काढतात.

"मंग? शेवटी काय झालं?" परातीत कणीक घेत मावशींनी विचारलं.

"दोघांचं लग्न झालं."

"म्हंजे पगार बंद," मावशी म्हणाल्या, आणि कणकेत पाणी घातलं.