बाईंविना शाळा

मुलांना शाळेत घालत नाही म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी काळजी उमटते, मग प्रश्न येतात. दहावीचं काय, हा त्यातला सोपा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली की पाच विषय घेऊन बसता येतं. कायद्याचा प्रश्न जरा अडचणीचा. २००९चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य. न घातलं तर पालकांना शिक्षा काय, ते मात्र तो सांगत नाही. आम्ही त्या फटीत राहतो.

सोसायटीतल्या काकूंची चिंता वेगळीच. ‘‘अगं, पण वळण कोण लावणार?’’

हे ऐकून माझ्या सासूबाई फणकारल्या. त्यांच्या लहानपणी वळण घरीच लागायचं. दिवेलागणीला शुभंकरोती, मग पर्वचा. नुसते पाढे नव्हेत. पावकी, निमकी, थेट औटकीपर्यंत. औटकी म्हणजे साडेतीनाचा पाढा. आमच्या चिरंजीवांना तो निरुपयोगी वाटला, कारण मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असतो. मग मटारच्या दिवसांत आजी त्याला मंडईत घेऊन गेल्या. साठ रुपये किलोचे साडेतीन किलो. भाजीवाली मोबाइल शोधेपर्यंत आजींनी दोनशे दहा रुपये मोजून तिच्या हातावर ठेवले होते. चिरंजीव त्याच संध्याकाळी औटकीला बसले. (मटार मात्र मला एकटीला सोलावे लागले. तो विषय अभ्यासक्रमात नव्हता म्हणे.)

घरच्या शाळेत खरी उणीव असते ती बाईंची. ‘बाईंनी सांगितलंय’ या दोन शब्दांत इतरांच्या घरी नखं कापली जातात, डबा संपतो, दप्तर भरलं जातं. आमच्याकडे ही सोय नाही. ताट उचलून का ठेवायचं, याचं सयुक्तिक उत्तर द्यावं लागतं आणि उत्तर दिलं की उपप्रश्न येतो. ‘‘जेवताना फोन नाही, तर मग बाबा?’’ बाबांचा फोन तेव्हापासून फ्रिजवर असतो. बाबा बिचारे वरण-भाताकडे नव्याने पाहू लागलेत.

गांधीजींनी जोहान्सबर्गला मुलांना शाळेत न घालता, ऑफिसला पायी जाता-येता शिकवलं. पुढे मुलांनी त्याबद्दल तक्रार केली, हेही त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं. आमच्या घरचं ऑफिस बैठकीच्या खोलीतच असल्याने रस्त्यातलं शिक्षणही बुडतं. तक्रारी मात्र रोजच्या रोज, समक्ष ऐकायला मिळतात.

तेव्हा ज्यांच्या मनात हे खूळ असेल, त्यांनी पुस्तकांची यादी करण्याआधी स्वतःचा फोन कुठे ठेवायचा ते ठरवावं. आणि घरात आजी असेल, तर तिला विचारल्याशिवाय वेळापत्रक लावू नये.