माल्टमार्तंड

हा गृहस्थ व्हिस्की पीत नाही, तिचं परीक्षण करतो. पन्नाशी उलटलेली, मुलगा परदेशी, शोकेसमध्ये सिंगल माल्टची रिकामी नळकांडी ओळीने मांडलेली. रमच्या बाटलीत याच्याकडे मनीप्लँट लागतो. माल्टची बाटली मात्र रिकामी झाली तरी निवृत्त होत नाही. पेला नाकाशी धरून तो डोळे मिटतो आणि व्हॅनिला, सुकं अंजीर, समुद्राकाठचा धूर अशी यादी काढतो. स्वयंपाकघरात खाली लागलेलं दूध त्याच नाकाला कळत नाही. माझं म्हणणं असं, की या माल्टमार्तंडाला चव लागते ती मुख्यतः किमतीची.

पुरावा सरकारदरबारी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राने आयात स्कॉचवरचं उत्पादन शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणलं आणि बाटल्या स्वस्त झाल्या. स्कॉटलंडातली बार्ली तीच, तांब्याची भांडी तीच, ओकची पिंपंही तीच. मार्तंडाने खरं तर पेढे वाटायचे. पण वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यालाही आता तीच बाटली परवडू लागली म्हटल्यावर याला तिच्यात 'पूर्वीची खोली' सापडेना. मंत्रालयातल्या एका अधिसूचनेने बुजते ती खोली पिंपातली नसावी. वयाचंही तेच. अठरा म्हटलं की मान डोलते, बारा म्हटलं की नुसतं "ठीक आहे". बाटलीवरचा तो आकडा म्हणजे आतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीने पिंपात काढलेली वर्षं, गुणपत्रिका नव्हे. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातली साधारण दोन टक्के व्हिस्की दरवर्षी उडून जाते, गोव्या-बेंगळुरूच्या हवेत त्याच्या कितीतरी पट. म्हणून इकडची लवकर मुरते, आणि अठरा वर्षं ठेवली तर हाती बहुधा पिंपच येईल. बेंगळुरूच्या अमृतने २००४ साली आपली सिंगल माल्ट थेट ग्लासगोत नेऊन विकायला काढली, गोव्याची पॉल जॉनही परदेशात विकली जाते. मार्तंड ती बाटली फिरवून फिरवून वय शोधतो, आणि सापडलं नाही की पाहुण्यांच्या पेल्यांत उदारपणे ओततो.

मग चव म्हणजे सगळा बनावच का, असं कुणी विचारेल. मुळीच नाही. आयला बेटावरच्या पीटच्या धुरात सुकवलेल्या बार्लीची व्हिस्की पहिल्याच घोटाला कुणालाही दवाखान्यात नेऊन बसवते; शेरीच्या पिंपातला गोडवाही लपत नाही. जीभ बिचारी प्रामाणिक आहे, तिचं मत कुणी विचारत नाही इतकंच. पाण्याचा थेंब पडला की मार्तंडाला धर्म बुडाल्यासारखं होतं. पण ज्यांचं पोटच व्हिस्कीच्या पारखीवर चालतं ते ब्लेंडर नमुन्यात चांगलं पाणी घालूनच हुंगतात, कारण कडक मद्यार्काने नाक बधिर होतं. यावर शेवटचा बचाव असा, की गाण्याचा दर्दीसुद्धा घराणं विचारतोच. विचारतो, पण दाद देऊन झाल्यावर. इथे लेबल वाचल्याशिवाय 'वाहवा' तोंडातून फुटत नाही. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून परीक्षा घ्यावी म्हटलं, तर त्यातही गोची आहे: कागद इंग्रजी आहे की मराठी, एवढ्यावरून हा पेगाचा भाव सांगेल.