अंदाजपत्रकाचं वर्गीकरण

कचरा उगमापाशीच तीन भागांत वेगळा करा, असं 2016च्या घनकचरा नियमांनी सांगितलं: ओला, सुका आणि घरगुती घातक. घनकचरा तज्ज्ञांच्या एखाद्या संघटनेच्या वार्षिक सभेला बसून पाहा. हाच नियम अंदाजपत्रकालाही चपखल बसतो. ओला खर्च म्हणजे हॉटेलातलं जेवण. ते त्याच रात्री जिरतं. सुका म्हणजे गुळगुळीत कागदावरची स्मरणिका. ती वर्षानुवर्षं जिरत नाही. घातक म्हणजे लेखापरीक्षकाचे शेरे. त्यांना कुणी हात लावत नाही. मग गतवर्षीचीच योजना साल बदलून मंजूर होते. पुनर्वापर म्हणतात तो हाच!

मुंबईच्या देवनार कचराभूमीत 1927पासून कचरा साचतोय. संघटनेच्या वर्गणीची थकबाकी तितकी जुनी नसेल, पण उतारा तोच: पुढच्या बैठकीत पाहू.

पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक बाया दारोदार कचरा उचलतात आणि महिन्याचं शुल्कही वसूल करतात. खरं तर खजिनदारपद त्यांनाच द्यावं. पण सभेचं निमंत्रण त्यांना कुठलं? सभा संपल्यावर पाण्याच्या बाटल्या गोळा करायला मात्र कुणीतरी लागतंच.