काळ्या नंबरप्लेटचे भाऊजी

ज्या नागपूरकरांच्या घराला पुण्याचा जावई आहे, त्यांना हा माणूस ठाऊक आहे. सासऱ्यांची गाडी दारात उभी असते, मेहुणा घ्यायला यायला तयार असतो. पण ह्यांना सोनेगावच्या विमानतळावर उतरल्याउतरल्या भाड्याची, स्वतः चालवायची गाडी लागते. आमचे भाऊजी त्यातलेच. "उगाच कुणाला त्रास नको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते आलं की त्रास सुरू झाला असं समजावं.

गाडी ताब्यात घेणं हा सोहळा असतो. मोबाइलवर शूटिंग करत ते गाडीला प्रदक्षिणा घालतात, वर धावतं समालोचन: "मागचा डावा दरवाजा, हँडलखाली ओरखडा, बोटभर." मग स्टेपनी, जॅक, पेट्रोलच्या काड्या. चावी द्यायला आलेला पोरगा मे महिन्याच्या उन्हात पाय बदलत उभा. शेवटी न राहवून तो विचारतो, "सर, भाड्यानंच घेऊन राहिले ना?"

गाडी आमच्या गल्लीत शिरली की शेजारचे काका गेटवर हजर. "काहून जी, जावयानं टॅक्सी टाकली काय?" भाऊजी खाली उतरून समजावतात, की पिवळ्या प्लेटवर काळी अक्षरं ती टॅक्सी, काळ्यावर पिवळी ती भाड्याची पण स्वतः चालवायची. काका मान डोलावतात. संध्याकाळपर्यंत सगळ्या लाइनीत बातमी: नोकरी गेली वाटते बिचाऱ्याची.

भाऊजींना संत्री नकोत, वाघ नको. त्यांना एम्प्रेस मिल पाहायची असते. जमशेटजी टाटांनी ती 1 जानेवारी 1877 रोजी सुरू केली. त्याच दिवशी दिल्लीत व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचं जाहीर झालं, म्हणून हे नाव. मुंबई सोडून इथंच का, हे ते प्रत्येक सिग्नलवर सांगतात: कापूस शेजारी, रेल्वे दाराशी, कोळसा वरोऱ्याचा. मिलसाठी घेतलेल्या दलदलीच्या जागेत भर घालायला पैसा द्यायला एक सावकार तयार नव्हता म्हणे. हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं त्याला वाटलं. आणि मॅनेजर नेमला तो बेझनजी मेहता, रेल्वेतला माणूस, गिरणीचा गंध नसलेला. हे ऐकवताना भाऊजी मॅपवाल्या बाईचं ऐकत असतात, शेजारी बसलेल्या सासऱ्यांचं नाही. त्यामुळे आम्ही इतवारीच्या एका बोळात अडकतो आणि ओरखड्याच्या धास्तीनं आरसे मिटून, हातगाडीवाल्याला "दादा, जरा" करत उलटे बाहेर येतो.

मिलच्या जागी आता मॉल आहे. गिरणी 2002 साली कायमची बंद पडली. भाऊजींना हे पाठ आहे, तरी दरवेळी ते मॉलच्या पार्किंगमध्ये हिरमुसून उभे राहतात. गेल्या खेपेला आई सहज म्हणाली, "माझे मामा होते ना इथं, साच्यावर. भोंगा झाला की मामी भात टाकायची." भाऊजींनी इंजिन बंद केलं. मामा कुठल्या पाळीला जायचे, डबा कोण न्यायचं, कानाला दडे बसायचे का, सगळं विचारून घेतलं. आम्ही पोरांनी आईला हे कधी विचारलं नव्हतं. पार्किंगचे पैसे वाढत होते आणि मिनिटामिनिटाचा हिशोब ठेवणाऱ्या ह्या माणसानं एकदाही घड्याळ पाहिलं नाही.

खरी गंमत गाडी परत करताना. सहा काड्या पेट्रोल घेतलं होतं, सातवी चमकत होती. एक काडी फुकट सोडायची? "बसा सगळे," भाऊजी म्हणाले, "बुटीबोरीची एमआयडीसी पाहून येऊ." रात्री नऊला वर्धा रोडनं आम्ही कारखान्यांचे दिवे पाहायला निघालो, मागच्या सीटवर आई, बाबा, ताई आणि मुरमुऱ्याचा चिवडा. परतताना काट्यानं दगा दिला, काड्या पाचच उरल्या. भाऊजींनी मुकाट्यानं पंपावर गाडी वळवली आणि मोबाइलवर अर्ध्या काडीचे लिटर काढू लागले.

"भरून टाका ना पुरी टाकी, बाप्पा!" आई मागून म्हणाली. "सकाळी रामटेकला जाऊ."